साक्ष दिल्यानंतरचा खोकला

ज्या रविवारी माझे यजमान बरे झाले म्हणून सगळ्या मंडळीने उभं राहून गीत गायलं, त्याच आठवड्यात त्यांच्या रुमालावर पुन्हा रक्त दिसलं. मी तो रुमाल धुतला, बाहेर दोरीवर न टाकता खोलीतच वाळत घातला, आणि मला देवाचा असा राग आला की जेवणाआधीची प्रार्थना मी दात आवळून ऐकली. आमेनसुद्धा म्हटलं नाही.

आम्ही दोघं नगरकडचे. माझी शाळा चौथीत सुटली. लग्न होऊन मी अंधेरीला मरोळच्या बाजूच्या एका खोलीत आले, ती साठ सालानंतरची वर्षं. हे साकीनाक्याला एका कारखान्यात लेथ चालवायचे. माहेर लांब, सासर लांब, अडीअडचणीला आपलं म्हणायला चर्चची मंडळी तेवढी. पुढे ह्यांना टीबी निघाला, कारखान्यातून रजा घ्यावी लागली. म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात रोजची सुई आणि पुड्या सुरू झाल्या. हळूहळू ताप उतरला, गालावर जरा मांस आलं, रात्रीची झोप लागायला लागली. आणि नेमकं तेव्हाच मैदानावर मांडव उभा राहिला. बाहेरगावचे एक मोठे वक्ते आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला आले होते. त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्याने प्रार्थना केली आणि सांगितलं, "तू बरा झालास, साक्ष दे." ह्यांना खरंच बरं वाटत होतं. का वाटत होतं, हे त्या घटकेला ते विसरले. व्यासपीठावर चढून त्यांनी, प्रभूने मला बरं केलं, अशी साक्ष दिली, मग रविवारी चर्चमध्ये पुन्हा दिली. सोमवारी दवाखान्यात गेले नाहीत.

"अहो, सुई?" मी विचारलं.

"आता कशाला? मी मंडळीपुढे साक्ष दिलीय. उद्या कोणी मला दवाखान्याच्या रांगेत बघितलं तर प्रभू खोटा ठरेल."

"प्रभू नाही खोटा ठरत. तुम्ही मराल."

वक्ते एव्हाना दुसऱ्या गावी गेले होते. त्यांचा मांडव उठला, आमचा खोकला इथेच राहिला. मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले, तर ते म्हणाले, "बाई, शंका घेऊ नका, प्रार्थना करा." दारात त्यांच्या बायकोने चहाचा कप हातात दिला आणि हळूच म्हणाली, "घरातल्या बाईचाच विश्वास कमी पडला, तर आजार परत येतो हो." तो चहा मी प्यायले कसा, मलाच ठाऊक. म्हणजे हे बरे झाले तर वक्त्यांची प्रार्थना मोठी, आणि गेले तर माझा विश्वास लहान! मला चार माणसांत बोलता येत नव्हतं, नाहीतर विचारणार होते. मी बायबलातलं शुभवर्तमान बोट ठेवून, अक्षर लावून वाचायची. त्यात प्रभूने आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावला होता. मेलेल्या पोरीला उठवलं, तेव्हा घरच्यांना सांगितलं होतं की हिला काहीतरी खायला द्या. औषध फेकून द्या असं त्याने कुणाला कुठे सांगितलं होतं? दुपारी खोलीत एकटी असताना मी छताकडे बघून म्हणायची, तुला साक्ष हवी होती ना, मिळाली की. आता माणूस कशाला नेतोस?

शेवटी एक दिवस मी एकटीच दवाखाना गाठला. कंपाउंडरला म्हटलं, त्यांचं औषध माझ्याकडे द्या, मी कालवणात घालून देते. तो खेकसला, "आणि सुई काय चपातीत घालून देणार? नवऱ्याला आणा, बाई. वेळ खाऊ नका." मी बाहेरच्या बाकड्यावर बसले आणि रागाने रडायला लागले. दुःखाचं रडणं नव्हतं ते. शेजारी एक म्हातारी होती, गळ्यात जपमाळ, पायांत जाड चांदीचे वाळे. गोराईची कॅथलिक, अंधेरीला लेकीकडे राहून सुया घेणारी. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्या लोकांना माळ-मेणबत्तीचं वावडं, एरवी मी तिच्याशी बोललेही नसते. पण तिने विचारलं, "काय झाला गो?" आणि मी सगळं ओकले.

तिने ऐकून घेतलं. "तुजा घोव माना दाखव," एवढंच म्हणाली. नवऱ्याला बघायचं होतं तिला, म्हणून मी खोलीचा पत्ता सांगितला.

लेकीच्या लहानग्या मुलीला घेऊन ती दुसऱ्याच दिवशी दारात उभी. मला वाटलं, ही आता ह्यांना झापणार. मला हवंच होतं ते. पण ती ह्यांच्यासमोर धापा टाकत बसली आणि म्हणाली, "बाबा, माजी लेक कामाला जाते. माना दवाखान्यात न्यायला मानूस नाय. तू घरातच बसलास ना? माना नेशील?" आजारी म्हातारीला हे नाही कसं म्हणणार? तेव्हापासून हे रोज तिला हाताला धरून नेऊ लागले. सुरुवातीला ते बाहेर झाडाखाली थांबायचे. चर्चमधलं कोणी रस्त्यात भेटलं आणि "इकडे कुठे?" म्हणालं, तर सांगायचे, "या मावशींना आणलंय." खरंच होतं ते. मग ऊन लागतं म्हणून आत बसायला लागले. ह्यांचा खोकला मात्र वाढत होता, आणि मी घरात भांडी आपटत होते. ही म्हातारी नुसती फुकटची सोबत मिळवतेय, असंही मनात आलं.

एक दिवस तिने मलाही बरोबर घेतलं. तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठेना.

"मावशी, चला, नंबर आला," हे म्हणाले.

"मी नाय जात. आता माना बरा वाटते. देवाने बरा केला आसंल."

"अहो मावशी, बरं वाटतं ते सुयांमुळे! मध्येच सोडलं तर दुप्पट उलटतं. डॉक्टरांनी सांगितलंय ना? असा खुळेपणा..."

आणि हे थांबले. एवढ्यात खोकल्याची उबळ आली, रुमाल तोंडाशी धरला. खोकला थांबल्यावर म्हातारीने ह्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मंग तू आदी जा," ती म्हणाली. "तू गेलास का मी जाते. देव नाय तुज्याएवढा लाजत."

हे उठले. मान खाली घालून कंपाउंडरकडे गेले, तो मनसोक्त ओरडला, आणि हे काही उलट न बोलता हिरव्या पडद्याआड गेले. थोड्या वेळाने कंबर चोळत, लंगडत बाहेर आले. म्हातारी खदखदून हसली. "लागली का रे सुई?" हेही हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

बरं व्हायला पुष्कळ काळ लागला, पण झाले. मावशी आपला इलाज संपवून होडीने गोराईला परत गेली. आम्ही एकदा भेटायला गेलो, तेव्हा तिने ह्यांच्या ताटात मासळी वाढता वाढता, ते कसे लंगडले याची नक्कल सगळ्या घराला करून दाखवली. ती खरंच थकलेली होती की तिने सोंग घेतलं, हे मी तिला विचारलं नाही. त्या बाकड्यावर त्या दिवशी तीच माझ्या शेजारी का होती, हेही मी कुणाला विचारत नाही.

त्या वक्त्यांवरचा माझा राग गेलेला नाही. क्षमा करायला हवी हे मला कळतं, अजून जमत नाही. पण शरण जाणं म्हणजे दोन्ही हात वर करून मोठ्याने ओरडणं, असं जे मला शिकवलं होतं, ते माझ्यापुरतं त्या पडद्यापाशी संपलं. चार लोकांत दिलेला शब्द गिळून माणूस मुकाट्याने सुई टोचून घ्यायला जातो, तेही शरण जाणंच. ह्यांनी सुई घेतली त्या दुपारी दवाखान्याच्या पायरीवर मी मनातल्या मनात म्हटलं, प्रभू, मी तुझ्यावर रागावलेलीच आहे, पण तू आलास, तुझे उपकार. आणि खूप दिवसांनी मी आमेन म्हटलं.