थोंगबायचा तेलडबा

थोंगबायने आयुष्यात रेशमी वस्त्र नेसलं ते दोनदाच. एकदा स्वतःच्या लग्नात आणि एकदा पोराच्या. पोराच्या लग्नात ते नेसूनच ती गाडीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरली होती. लोक अजून ते सांगतात, आणि प्रत्येक जण थोडं मीठ-मिरची लावून सांगतो. घडलं ते असं.

चुम्फे गावाच्या वेशीवर, उसाच्या गाड्या जातात त्या रस्त्याला पत्र्याच्या छपराखाली तिचं गॅरेज. बाप भातगिरणीचं इंजिन चालवायचा. पोर त्याच्या मागे मागे असायची, म्हणून इंजिनाचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखायची खोड तिला लहानपणीच लागली. नवरा सीथोन शेती करायचा, झुंजीचे कोंबडे पाळायचा आणि उरलेला वेळ गॅरेजात बसून सल्ले द्यायचा. पहिल्या दोन कामांत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

टर्बोवाल्या पिकअप गाड्या गावात आल्या तशी थोंगबायची भरभराट झाली. या गाड्यांचं एक दुखणं आहे. इंजिनाच्या पोटातून वाफ निघते आणि तिच्यात तेलाचे बारीक थेंब असतात. कंपनीने लावलेली नळी ती वाफ परत टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, तोंडात सोडते. माणसाने आपलाच ढेकर परत गिळावा, तसला प्रकार. हळूहळू हवेच्या वाटेत तेल आणि काजळीचा चिखल बसतो आणि गाडी दमेकऱ्यासारखी चालायला लागते. त्यावर उपाय म्हणजे मध्ये एक डबा बसवायचा. वाफ डब्यात शिरते, आत तारेची घासणी असते, तिला तेल चिकटून खाली ठिबकतं आणि कोरडी हवा पुढे जाते. अधूनमधून डब्याखालची तोटी उघडून ते काळं पाणी काढून टाकलं, की झालं.

बाजारात असले निळे-लाल चकचकीत डबे मिळतात. पण थोंगबायने पहिला डबा केला तो घरातल्या जेवणाच्या स्टीलच्या डब्याचा. तेव्हापासून सीथोनचा भात केळीच्या पानात बांधून शेतात जायला लागला.

"बायकोने गाडीला जेवायला घातलं आणि नवऱ्याला पानावर बसवलं," असं तो सगळ्यांना सांगायचा, पण सांगताना छाती फुगलेली असायची.

पुढे तिने अर्ध्या तालुक्याच्या गाड्यांना डबे बसवले. तिचा नियम एकच. घासण्या दोन घालायच्या, न गंजणाऱ्या तारेच्या, आणि त्याही मोकळ्या सोडायच्या. "डब्याला श्वास घेता आला पाहिजे," असं ती गिऱ्हाइकाला बजावून सांगायची. घरच्या माणसाला सांगायचं मात्र राहून गेलं.

तिचा एकुलता एक पोरगा चाइयसित. लहानपणी डुलत चालायचा म्हणून सगळे त्याला पेत म्हणत, म्हणजे बदक. या बदकाने मन लावलं ते नाम नाव डोंगराच्या पलीकडे, लोम काव गावच्या ओरादीवर. तिच्या आईची, वानिदाची, गोड चिंचेची बाग होती. वानिदाला जावई मास्तर हवा होता. पेत निघाला तैवानच्या कारखान्यात कामाला. तिने हो म्हटलं, पण ओठ मुडपून.

विहारातल्या वृद्ध भिक्खूंनी मुहूर्त काढून दिला, सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांचा. त्यानंतर वर्षावास सुरू होणार, म्हणजे तीन महिने कुणी लग्न लावत नाही. आणि पेतचं विमान तर पुढच्याच आठवड्यात, तेही तीन वर्षांसाठी. वानिदाने निरोप धाडला, "मुहूर्त गाठलात तर मुलगी तुमची. चुकलात तर नशिबात नव्हतं म्हणायचं. तीन वर्षांनी बघू, तोवर कोण कुठे असेल कुणी सांगावं."

एवढं स्पष्ट बोलल्यावर थोंगबायला झोप कसली! लग्नाच्या दिवशी पहाट फुटायच्या आत तिने सगळ्यांना गाडीत कोंबलं. पुढे सीथोन स्टिअरिंगवर, मध्ये पेत, कडेला मांडीवर मिठाईची ताटं घेऊन ती. मागे चटईवर सासू लामून आजी, चार नातेवाईक, नवरीच्या दारी लावायला मुळासकट उपटलेली केळीची दोन रोपं आणि उसाच्या कांड्या. गाडीच्या आरशाला फुलांची माळ, स्टिअरिंगला रंगीत फडकी. सीथोनने आदल्या संध्याकाळी गाडी अशी घासली होती, की बॉनेट उघडलं तर आत तोंड दिसावं.

"गाडी नवरीसारखी दिसतेय," पेत म्हणाला.

"आणि नवरा क्लीनरसारखा," मागून आजी ओरडली. "कॉलर नीट कर!"

डोंगर सुरू होतो तिथल्या देवळीपाशी सीथोनने रिवाजाप्रमाणे तीनदा हॉर्न वाजवला आणि गाडी चढाला लागली. पहिल्या वळणांवर सगळं झकास होतं. मागे गाणी चालली होती. मग थोंगबायचा चेहरा बदलला. तिने ताटं पेतच्या मांडीवर सारली आणि कान टवकारले.

"पेतच्या बापा, गाडी दमते आहे."

"चढ आहे बाई, तू चढलीस तर तूही दमशील."

"मी दमले तर धूर सोडत नाही. मागे बघा!"

मागे निळा-पांढरा धूर एवढा, की डोंगर दिसेना. आजी खोकत टपावर बुक्के मारत होती. सीथोनने गाडी कडेला घेतली. नेमकी तिथेच हत्तींपासून सावध राहा अशी पाटी होती, आणि पाटीखाली ताजी, वाफाळती लीद. मागच्या नातेवाइकांची पाचावर धारण बसली.

थोंगबायने बॉनेट उघडलं. काल आरशासारखं चकाकणारं इंजिन तेलाने न्हालं होतं. तेल बघायची कांडी आपली जागा सोडून वर आली होती आणि तिच्या भोकातून तेल उडालं होतं.

सीथोनने डोक्याला हात लावला. "टर्बो गेला! संपलं! आता दोरी बांधून ओढत न्यायची."

"तोंड उघडायच्या आधी बॉनेट तरी नीट बघा," थोंगबाय म्हणाली. पण तिच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. टर्बो खरंच गेला असेल, तर या डोंगरात आज काहीच होणार नव्हतं.

मागून एक काका म्हणाला, "पेतला येणाऱ्या गाडीत बसवून पुढे पाठवू. नवरा तरी पोहोचेल."

"एकटा?" लामून आजी भडकली. "ना ताटं, ना वडीलधारे? मुलगी पळवायला चाललाय का तो?"

पेत आईच्या हातांकडे बघत उभा होता.

थोंगबायने रेशमी वस्त्र गुडघ्यापर्यंत खोचलं आणि आत वाकली. आधी डब्याची तोटी उघडली. दोन थेंब पडले. एवढ्या चढावर एवढी वाफ, आणि डबा कोरडा? नळी दबली असेल म्हणून तिने ती बोटांनी चाचपली. नळी टणक, कुठे मुडपलेली नाही. आत जायची आणि बाहेर यायची तोंडं उलटी लागली आहेत का, तेही पाहिलं. तिने स्वतःच लावलेली, बरोबर होती. मग घोडं पेंड खातंय तरी कुठे?

"चिकट भाताची पिशवी रिकामी करा!" ती ओरडली.

"आता भूक लागली हिला?" सीथोन चकित झाला.

"द्या म्हटलं ना!"

तिने इंजिन सुरू ठेवून तेल ओतायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधली. पिशवी टम्म फुगली. बेडकाच्या गळ्यासारखी फुगली, आणि रबर सुटून फट्कन उडाली ती थेट काकाच्या तोंडावर. मागच्या बायका किंचाळल्या. त्यांना वाटलं हत्ती आला.

थोंगबायने पिशवी पुन्हा बांधली. या वेळी डब्याकडे जाणारी नळी आधी सोडून दिली. सगळे श्वास रोखून बघत होते. पिशवी हलली, जराशी डोलली आणि लोळागोळा होऊन पडली. सोडलेल्या नळीतून वाफ फुसफुस करत मोकळी बाहेर येत होती.

"टर्बो जिवंत आहे!" थोंगबायने उडीच मारली. "इंजिनाचं पोटही ठीक आहे. वाट बंद आहे ती डब्यात! पाना द्या, पाना!"

डबा तिने भराभर खाली उतरवला. झाकण फिरेना. पेतने धरला, तिने पिळला, तेव्हा कुठे उघडला. आत घासणीवर घासणी दाबून बसवलेली. तिने एक ओढून काढली. मग दुसरी, तिसरी. काढतच राहिली. जादूगाराने टोपीतून कबुतरं काढावीत तशा घासण्या निघत होत्या आणि काका मोठ्याने मोजत होता. नववीला डबा रिकामा झाला.

"कुणी कोंबल्या या?"

सीथोन आपल्या नव्या बुटांकडे बघत होता.

"लग्नाची गाडी," तो हळूच म्हणाला. "नऊचा आकडा शुभ. नऊ भिक्खू बोलावलेत, ताटात नऊ मिठाया आहेत, मुहूर्त नऊचा. म्हटलं, जुन्या दोन मळलेल्या घासण्या काढून नव्या घालाव्यात, त्याही नऊ. पोराचं भलं व्हावं म्हणून."

थोंगबायच्या हातातली घासणी वर गेली होती. ती नवऱ्याच्या टाळक्यात बसणार एवढ्यात मागून लामून आजीचा आवाज आला.

"नऊ महिने पोटात ठेवला याला. तेव्हाच घात झाला."

पेतला आधी हसू फुटलं, मग काकाला, मग सगळी गाडी गदागदा हलायला लागली. थोंगबायही हसली, पण तिच्या हातांना हसायला वेळ नव्हता. दोन घासण्या पिळून, मोकळ्या करून तिने डब्यात सोडल्या, डबा चढवला आणि नळ्यांच्या पट्ट्या आवळल्या. मग गाडी बंद करून, रेशमाचा विचार न करता, ती खाली रस्त्यावर आडवी झाली आणि हवेच्या पाइपचं खालचं तोंड सोडलं. भळाभळा तेल आलं, अडलेल्या वाफेने टर्बोच्या सांध्यांतून ढकललेलं.

"हे पाहिलंत? हे आत राहिलं असतं तर इंजिन तेच पिऊन उधळलं असतं. किल्ली काढून खिशात घातली तरी थांबलं नसतं!"

चूक भरून काढायला सीथोन वाडगा घेऊन धावला. "हेच तेल गाळून परत ओतू का?"

"ओता, ओता. आणि जेवणात काल भांडी धुतलेलं पाणी प्या. सीटमागे नवी बाटली आहे, ती आणा!"

तेल ओतलं, कांडी पुसून पाहिली, खाली दाबून बसवली. सूर्य झाडांच्या वर आला होता. थोंगबायने नवऱ्याला कडेच्या जागेवर ढकललं, ताटं त्याच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. आधी थोडा वेळ धूर आला, पाइपात उरलंसुरलं जळत होतं. मग धूर विरळ झाला, गेला, आणि टर्बोने अशी शीळ घातली की मागून आजीनेही तिच्या सुरात सूर मिसळला. चढ संपला. उतारावर केळीची रोपं वाऱ्याने झोपली, उसाची एक कांडी दरीत गेली, कुणाची तरी टोपी गेली. कुणी थांब म्हणालं नाही.

लोम कावच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा ढोलवाले उन्हात सुकून गेले होते. गाडी दिसताच त्यांनी असा ढोल बडवला की कुत्रीसुद्धा नाचायला लागली. पण पुढे अजून एक संकट होतं. नवरीच्या दारात पोरी फिक्या गुलाबी रेशमात, हातात सोन्याच्या साखळ्या आडव्या धरून उभ्या. रिवाजच तो. पाकिटं द्या, गाणं म्हणा, नवऱ्याला उठाबशा काढायला लावा, मग साखळी सुटणार. एक दार झालं की दुसरं, दुसऱ्यामागे तिसरं. वानिदा ओट्यावर उभी राहून घड्याळाकडे बघत होती. काटा नऊच्या पुढे सरकला होता.

"उठाबशा! उठाबशा!" पोरी ओरडल्या.

थोंगबाय गाडीतून उतरली. कपाळावर काजळी, वस्त्राला माती, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळेभोर, तेलाने चकाकणारे. तिने ते हात पुढे पसरले आणि हसत हसत म्हणाली, "पोरींनो, या गं, आधी तुम्हाला एकेकीला जवळ घेऊ दे!"

गुलाबी रेशमाने किंचाळून दोन्ही बाजूंना उड्या मारल्या. साखळ्या खाली पडल्या. पहिलं दार, दुसरं, तिसरं, सगळी मोकळी! थोंगबाय हात पसरून पुढे, मागून पेत, ताटं सांभाळत सीथोन, काकाच्या पाठीवर लामून आजी, आणि सगळे धावत ओट्यावर. भिक्खूंनी डोळे मिटून पठण सुरू केलं, तेव्हा नऊच्या पुढचा नववं मिनिट अजून संपलं नव्हतं.

वानिदाने थोंगबायकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"हे काय हो विहीणबाई?"

"डोंगरात गाडी अडली होती."

"आणि दुरुस्त केली कुणी?"

थोंगबायने नुसते हात दाखवले. वानिदाचे मुडपलेले ओठ जरा सुटले. तिने स्वतः पाण्याची कळशी आणली आणि साबणाने विहिणीचे हात चोळचोळ चोळले. पाणी काळं झालं, हात फारसे गोरे झाले नाहीत.

मग वडीलधाऱ्यांनी दोघांच्या मनगटांना आशीर्वादाचे पांढरे दोरे बांधले. थोंगबायची पाळी आली तेव्हा तिने हात मागे घेतले.

"तुम्हीच बांधा माझ्या वतीने. माझ्या बोटांनी दोरा काळा होईल."

ओरादीने आपलं मनगट पुढे केलं. "होऊ दे ना, सासूबाई. तुम्ही आला नसता तर हा हात तीन वर्षं रिकामाच राहिला असता."

थोंगबायने बांधला. सुनेच्या हातावर एक, पोराच्या हातावर एक. आठवड्याने पेत विमानात बसला तेव्हा त्याच्या मनगटावर पांढऱ्या दोऱ्यांची जाडजूड पट्टी होती आणि तिच्यात एक दोरा काळा होता.