बैलाच्या नाकातला हात

बैलाच्या नाकपुडीकडे बघत अख्खा जन्म काढलेला माणूस उभ्या मावळात एकच झाला, आणि तो शेतकरी नव्हता. आमच्या कुसगावात बंगला बांधून राहिलेले ते कॉलेजातले रिटायर सर. मी स्वतः चौथी नापास. पण बैलातलं मला कळतं, आणि ते मी कुणाला विचारून बोलत नाही. पहिल्या दिवशी भर रस्त्यात हा पांढऱ्या मिशांचा माणूस शिंप्याची टेप घेऊन माझ्या चंद्र्या बैलाच्या तोंडासमोर वाकलेला बघितला तेव्हा मी हबकलोच. वाटलं, हॉटेलातला कुणी पाहुणा सकाळीच प्यालाय. त्यांनी नमस्कार केला आणि अगदी अदबीनं विचारलं, "आबा, याच्या नाकात माझी दोन बोटं मावतील का?" मी म्हणालो, "मावत्याल, पर माघारी मिळत्याल का ते त्याला इचारा." सरांनी ते खिशातल्या वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे.

त्यांच्याकडे दूध घालायला जाऊ लागलो तेव्हा उलगडा झाला. फार मागे रोमन बादशहांचं राज्य पश्चिमेला पार स्पेनपर्यंत होतं म्हणे, आणि त्या मुलखात मिथ्रास नावाच्या देवाची गुपचूप पूजा चालायची. त्याची पोथी नाही, पुराण नाही. उरलेत ते जमिनीतून निघालेले दगड. देव सूर्याच्या गोतातला, पण देऊळ जमिनीच्या पोटात, बिनखिडकीचं. आणि हा देव करतो काय, तर बैलाच्या पाठीवर गुडघा रोवतो, नाकात बोटं घालून मान मागे खेचतो आणि सुरी खुपसतो. हे ऐकून मी किटलीचं झाकण लावलं आणि घरी आलो. वडिलांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात बुद्धाशिवाय कुणाचा फोटो नाही, आणि हा माणूस असल्या देवाचे फोटो भिंतीला लावून त्यांच्यासमोर चहा पितो. मी दोन दिवस दूध बंद केलं. तिसऱ्या दिवशी सर स्वतः बरणी घेऊन गोठ्यात आले आणि खाली मान घालून म्हणाले, "आबा, मी फक्त अभ्यास करतो. मी कुणाला मारलेलं नाही." एवढा शिकलेला माणूस शेणात उभा राहून जामीन मागतोय म्हटल्यावर मी दूध सुरू केलं.

पण धक्के द्यायचे त्यांनी थांबवले नाहीत. एकदा गॅरेजच्या खिडक्यांना पत्रे ठोकून आत काळोख केला आणि दोन्ही भिंतींना लांब बाक टाकले. त्या देवळात भक्त असेच समोरासमोर कोपरावर रेलून जेवायचे, तर किती माणसं मावत असतील ते सरांना बघायचं होतं. माणसं म्हणजे मी, इलेक्ट्रिशियन आणि मोरी साफ करायला आलेला एक जण. पिठलं-भाकरी वाढली आणि आडवं होऊन जेवायला सांगितलं. माझ्या सदऱ्यात गेलेलं पिठलं बायकोनं दोन धुण्यांत काढलं. भाज्याच्या लेण्यात नेलं तेव्हाही तेच. बाकीचे लोक रथातल्या सूर्याचा फोटो काढत होते आणि हे अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे मिटून बसले, ते राखणदारानं शिट्टी वाजवेपर्यंत उठले नाहीत. डोंगराच्या पोटात बसल्यावर त्या भक्तांना कसं वाटत असेल ते समजतं, म्हणाले. मी म्हणालो, भूक लागत असंल.

सगळ्या दगडांत त्यांचा जीव एकाच दगडात होता. तरुणपणी स्पेनमध्ये कुठल्याशा गावच्या संग्रहालयाच्या अंगणात तो त्यांना दिसला होता. टीचभर तुकडा. बैलाचं तोंड आणि त्याच्या नाकात माणसाचा हात. बाकी सगळं फुटून गेलेलं. त्या गावात ह्या देवाचं दुसरं काही कधी सापडलं नव्हतं. पण हात नाकात आहे, म्हणजे देव आहे. देव आहे, म्हणजे देऊळ असणारच, असं सरांनी तीस वर्षं लिहून लिहून सिद्ध करत आणलं होतं. शेवटी तिकडच्या विद्वानांनी बोलावणं धाडलं. येऊन वाचा, आम्ही छापतो. तिकीट आलं, व्हिसा आला, सरांनी लोणावळ्यात नवा सूट शिवला. त्या दिवशी त्यांनी दगडाचा फोटो खिडकीएवढा मोठा करून आणला आणि दूध घेऊन आलेल्या मला दाखवला.

मी बघितला आणि काही विचार न करता बोलून गेलो. "सर, हा मारत न्हाई. औशद पाजतोय."

सर हसले. मी फोटोजवळ गेलो. पाठीवर बसून मान ओढणाऱ्याचं मनगट शिंगांच्या बाजूला हवं. हे मनगट खाली होतं. माणूस जमिनीवर, बैलाच्या तोंडाशी उभा होता. गाल फुगलेला होता आणि जबड्याच्या कोपऱ्यात एक गोल ठोकळा तुटलेला होता. सर त्याला दगडाचा टवका म्हणायचे. ते औषध ओतायच्या नळकांड्याचं टोक होतं. आम्ही बांबूचं वापरतो, त्यांचं शिंगाचं असेल. सरांचं हसू थांबलं. म्हणाले, दाखवा. आम्ही गोठ्यात गेलो. मी चंद्र्याच्या नाकात बोटं घातली, तोंड वर केलं आणि नळकांड्यानं गुळाचं पाणी पाजलं. सर फोटो धरून शेजारी उभे. एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. मग गव्हाणीच्या कडेवर बसले. म्हणाले, "मला मनगट दिसलंच नाही, आबा."

घरी बायकोनं मला फाडून खाल्लं. "त्या माणसाची जल्माची कमाई व्हती. तुमाला गप बसाया काय झालतं?" रात्रभर तळमळलो. सकाळी जाऊन मी, ज्यानं आयुष्यात सख्ख्या भावापुढेही माघार घेतली नाही, सरांना म्हणालो की माझा डोळा आता अधू झालाय, बघण्यात चूक झाली असंल. सर म्हणाले, "तुमची चूक झालेली नाही. खोटं बोलायची तुम्हाला सवय नाही, लगेच कळतं."

आणि ते गेले. मला वाटलं होतं, तिकीट रद्द करतील. माणूस नवा सूट घालून विमानात बसला, समुद्र ओलांडून त्या विद्वानांसमोर उभा राहिला आणि सांगून आला की माझं तीस वर्षांचं लिखाण चुकीचं आहे, हा देव नाही, हा आपल्या बैलाला औषध पाजणारा शेतकरी आहे. हे ऐकून मला जो धक्का बसला तो टेपच्या, पिठल्याच्या, सुरीवाल्या देवाच्या धक्क्यांहून मोठा होता. चूक झाली तर माणूस घरात बसतो, विषय बदलतो, दुसऱ्यावर ओरडतो. मी तरी तसंच केलंय. एवढ्या लांब चूक पोचवायला कुणी जातं हे मला माहीतच नव्हतं. लोक काय म्हणाले, असं विचारलं तर सर म्हणाले, कुणी काही विचारलं नाही, टाळ्या वाजवून जेवायला गेले.

परत आल्यावर ते गोठ्यात येऊन बसू लागले. वही नसायची, टेप नसायची. पुढं मुलगी त्यांना बेंगळुरूला घेऊन गेली. आता बंगल्याला दुसरा मालक आहे. जायच्या आदल्या दिवशी सर चंद्र्याच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाले, "आबा, त्या बैलाला काय झालं असेल?"

"पोट फुगलं असंल."

"वाचला असेल का?"

मी म्हणालो, "वाचला असंल म्हणून तर दगडात कोरला."

सरांनी मान डोलावली. ह्या वेळी त्यांना काही कळलं नाही, की कळूनही ते गप्प बसले, ते मला सांगता येत नाही. आमच्या मावळात गावोगाव वेशीवर, वीरगळ म्हणतात ते, कोरलेले जुने दगड उभे आहेत. मी लहानपणापासून बघतोय. त्यातला एकही वाचलेल्याचा नाही.