चौकीवरची आखाजी आणि माझी कच्ची बट्टी

त्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग साडेचौदा हजार फुटांवरच्या एका चौकीवर होती. चौकीवर आम्ही बारा जण. पोस्ट कमांडर एक तरुण लेफ्टनंट साहेब आणि त्यांच्या खालोखाल मी, हवालदार पाटील, गाव पारोळा तालुक्यात. नोव्हेंबरमध्ये बर्फ पडून खालचा रस्ता बंद झाला. रेशन आणि रॉकेल मेपर्यंत पुरेल इतकं भरून ठेवलेलं होतं. रेशनची जबाबदारी माझ्याकडे होती.

दिनक्रम ठरलेला. ०५३० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यारांसह मोर्च्यावर हजेरी, ०७०० ला चहा, दिवसभर बर्फ उपसणं आणि पाळीने संतरी ड्युटी. १९०० ला रेडिओवर बेसला 'ऑल ओके'. आठवड्यातून एकदा सॅटेलाइट फोनवर घरी बोलायला प्रत्येकाला पाच मिनिटं मिळत. शत्रू समोरच्या कड्यावर होता आणि दुर्बिणीतून दिसायचाही, पण एप्रिल उजाडेपर्यंत आमची जास्त झटापट ताटाशीच व्हायला लागली होती.

उंचीवर माणसाची भूक मरते. जे थोडंफार खावंसं वाटतं तेही फक्त आपल्या घरचं. आमची पलटण मराठी असली तरी जिभा दहा गावच्या होत्या. शिपाई साळवी चिपळूणचा, त्याला भाताशिवाय चालत नसे. लान्स नाईक चौगुले कोल्हापूरचा, तिखटानं कान तापले नाहीत तर तो ताट सरकवून द्यायचा. डब्यातली भाजी कोणीच खात नव्हतं. स्वतः साहेब बिस्किटं आणि चहावर दिवस काढत.

आमचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, छातीत पाणी झाल्यामुळे जानेवारीत हेलिकॉप्टरने खाली गेला आणि आम्ही अकरा जण उरलो. त्यानंतर लंगर, म्हणजे चौकीचं स्वयंपाकघर, पाळीपाळीनं चालवायचं ठरलं. दोन आठवड्यांत त्या पाळ्या आपोआप बंद पडल्या आणि लंगर नाईक सुकलालच्या हाती गेलं. सुकलाल साक्री तालुक्यातला, धुळे जिल्हा. अकरा जणांत खान्देशी आम्ही दोघंच होतो.

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. उलट माझ्या पोटात दुखायला लागलं. सकाळी जो तो उठून विचारायचा, "सुकलाल, आज काय?" मला कोणी काही विचारत नसे. सामान मी मोजून द्यायचो आणि नाव त्याचं व्हायचं. तो साळवीच्या वरणात आमसूल टाकायचा, चौगुल्याच्या ताटात लाल मिरची ठेचून द्यायचा, आणि ते लोक अर्धं का होईना, खायचे. त्यात तो एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, पलटणीतला पहिला नेमबाज. देवानं एकाच माणसाला किती द्यावं, असं मला रोज वाटायचं. गावाकडे लग्नात, भंडाऱ्यात दोनशे माणसांची वरण-बट्टी मी करायचो. पारोळ्याच्या पंचक्रोशीत माझ्या बट्टीचं नाव होतं. इथे ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि सांगायला गेलो तर बढाई ठरली असती.

एप्रिलच्या मध्याला बेसवरच्या डॉक्टर साहेबांनी रेडिओवर सगळ्यांची वजनं मागितली. वजनं ऐकून ते साहेबांशी बराच वेळ बोलले. साहेबांनी आम्हा दोघांना बंकरमध्ये बोलावलं.

"सात जणांची वजनं फार उतरली आहेत. असंच चाललं तर रस्ता उघडताना गस्तीच्या पेट्रोलला माणसं पुरणार नाहीत. मला एक जेवण असं हवं, की अकराही ताटं साफ होतील. डॉक्टर म्हणतात, एकदा पोटभर खाल्लं की भूक परत येईल. काय करता येईल?"

सुकलाल काही बोलायच्या आत मी बोललो. "सर, पुढच्या आठवड्यात आखाजी आहे, अक्षय्य तृतीया. आमचा खान्देशातला मोठा सण. बडा खाना करू. वरण-बट्टी. मी स्वतः करतो."

"रेशन?"

"सर, नवीन काही लागत नाही. पीठ, तूरडाळ, तूप, गूळ. सगळं आहे."

ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. रस्ता दोन आठवडे उशिरा उघडेल असा निरोप आला होता. पीठ आणि तूप जेमतेम होतं. बड्या खान्याच्या पंगतीला जितकं पीठ लागणार होतं, तितकं वाया गेलं असतं तर पुढचे चार दिवस सगळ्यांना अर्ध्या रोटीवर काढावे लागले असते. साहेबांनी मला तेही विचारलं. मी म्हणालो, वाया जाणार नाही.

बाहेर आल्यावर सुकलालनं विचारलं, "भाऊ, मी काय करू?"

"तू आराम कर. आखाजीले लंगर मी दखसू."

तो हसला. त्याला राग येत नसे, हीही माझी एक तक्रार होती.

आखाजीच्या दिवशी १३०० ला मी लंगरचा ताबा घेतला. जेवण १८०० ला, उजेड असेतो. ब्लॅकआउटमुळे अंधारात चूल पेटवता येत नव्हती. पीठ जाडसर नव्हतं म्हणून त्यात थोडा रवा मिसळला. ओवा, हळद, मीठ, तुपाचं मोहन घालून घट्ट मळलं. आमच्याकडे बट्टीचे गोळे गोवऱ्यांवर भाजतात, नाहीतर आधी पाण्यात उकडतात, मग कापून तुपात तळतात. मी मोठं पातेलं चुलीवर चढवलं. कुकर एकच होता. त्यात डाळ लावली.

सुकलाल ड्युटीवरून उतरून दारात उभा राहिला. पातेल्याकडे त्यानं पाहिलं.

"भाऊ, आठे पानी उकयस, पन तपत नही. बट्टी पातेलाम्हान शिजाव नही. कुकरम्हान लाव."

"कुकरम्हान दाय शे."

"दाय काढी ठेव ना थोडा येय."

"सुकलाल, तू माले बट्टी शिकाडू नको."

तो रायफल साफ करायला निघून गेला. त्याचं म्हणणं मला समजलं होतं, हे इथे लिहून ठेवतो. उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि त्याचा ताव कमी असतो, हे तिथला प्रत्येक जवान जाणतो. म्हणून तर डाळ मी कुकरमध्ये लावली होती. पण हीच गोष्ट दुसऱ्या कोणी सांगितली असती तर मी ऐकलं असतं. सुकलालनं सांगितली म्हणून नाकाला मिरच्या झोंबल्या. मनात म्हटलं, जरा जास्त वेळ ठेवू, शिजेल.

१६२० ला मी पहिला गोळा बाहेर काढला आणि कापला. वरून पिवळा, आत पांढरं कच्चं पीठ. दुसरा कापला, तोही तसाच. पुन्हा उकळायला ठेवावं तर दिवसाचं रॉकेल संपत आलं होतं, फार तर तळण्यापुरतं उरलं होतं. तसाच तळला असता तर बाहेरून करपून आत कच्चा राहिला असता. अकरा माणसांचं पीठ माझ्यासमोर परातीत होतं आणि बाहेर कधी नव्हे ते लोक वेळेआधी ताटं घेऊन गोळा व्हायला लागले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी दारात गेलो. सुकलाल एलएमजीच्या मोर्च्याजवळ बसला होता. हाक मारायला मला दोन मिनिटं लागली असतील. ती दोन मिनिटं मला अजून आठवतात.

"सुकलाल."

तो आला. परातीकडे पाहिलं. दार लावून घेतलं, म्हणजे बाहेरच्यांना दिसणार नाही. मग म्हणाला, "कापी टाक, भाऊ. पापडमायक पातय काप. तूप किती शे?"

"एक डबा."

"बठ्ठं हुई जाई."

सगळं होऊन जाईल, असं तो म्हणाला आणि आम्ही दोघांनी गोळ्यांच्या पातळ चकत्या केल्या. तुपाला उंचीचं देणंघेणं नसतं, त्याचा ताव चढतोच. चकत्या आतपर्यंत खरपूस निघाल्या. काप करताना जो चुरा पडला तो त्यानं वेगळा तुपात परतला, त्यात गूळ घातला. कुकरमधलं वरण दोन पातेल्यांत केलं. एक साधं, हिंग-जिऱ्याचं. दुसऱ्यासाठी त्यानं चौगुल्याच्या ट्रंकेतली घरची कांदा-लसूण चटणी मागून आणली आणि तिची फोडणी दिली. साळवीसाठी मूठभर तांदूळ लावला आणि भातावर बट्टीचा कुरकुरीत चुरा टाकला. मी फक्त तळत होतो. तो सांगेल तसं करत होतो.

१८०० ला ताटं वाढली. सगळे खाली मान घालून खायला लागले. मग चौगुलेनं दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. साळवीनं भात संपवून बट्टी मागितली, त्यानं पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. साहेबांनी चार वेळा घेतलं. अकराही ताटं साफ झाली, परातसुद्धा पुसून खाल्ली.

१९०० ला रेडिओवर बेसवरून कंपनी कमांडर स्वतः बोलले.

"खाना कैसा रहा? ओव्हर."

साहेब म्हणाले, "सर, सब प्लेटें साफ. ओव्हर."

"शाबास. किसने बनाया? ओव्हर."

साहेबांनी हँडसेट माझ्याकडे केला. मी घेतला नाही. माझे हात तुपकट होते, असं मी स्वतःला सांगितलं. बाजूला उभ्या असलेल्या सुकलालनं तो घेतला.

"सर, नाईक सुकलाल. खाना हवालदार पाटील साब ने बनाया. ओव्हर."

"पाटील को मेरी तरफ से शाबाशी. आउट."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन महिने जे मला हवं होतं, ते मिळालं होतं. आणि त्या क्षणी मला सुकलालचा जितका मत्सर वाटला, तितका आधी कधीच वाटला नव्हता. स्वयंपाक त्याचा चांगला, नेम त्याचा चांगला, आणि आता मनसुद्धा त्याचंच मोठं. माझ्यासाठी त्यानं काहीच शिल्लक ठेवलं नाही, असं वाटलं. मी टाळ्या घेतल्या. खरं सांगायला तोंड उघडलं नाही.

उद्या सांगू, असं म्हणत अकरा दिवस गेले. डॉक्टर साहेबांचा अंदाज बरोबर निघाला, लोक खायला लागले. लंगर पुन्हा सुकलालकडे आलं. चौगुले मात्र मला विचारायचा, "हवालदार साहेब, बट्टी परत कधी?" मी म्हणायचो, बघू.

बाराव्या दिवशी रस्ता उघडायला खालून येणाऱ्या तुकडीला भेटण्यासाठी आमचं चार जणांचं पेट्रोल निघालं. यादी साहेबांनी केली होती, माझा त्यात हात नव्हता. हे मी स्वतःला पुष्कळदा पडताळून सांगितलं आहे. निघताना सुकलाल कमरेचा दोर बांधत होता. मी जवळ गेलो.

"काय, भाऊ?"

"काही नही. पाय जपीसन टाक."

"हाव."

०८१० ला पेट्रोल निघालं. ०९२५ ला नाल्याच्या डाव्या कड्यावरून बर्फ सुटला. रेडिओवर चौगुलेचा आवाज आला. "पोस्ट, पोस्ट. अ‍ॅव्हलांच. एक आदमी नीचे. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"सुकलाल. ओव्हर."

बाकी तिघं दोरामुळे वाचले. सर्वांत पुढे सुकलाल होता. त्याच्या बाजूचा दोर तुटला होता. आम्ही फावडी आणि काठ्या घेऊन पळालो. तो १४१० ला सापडला. डॉक्टर साहेबांनी रेडिओवर सांगितलं तसं सगळं आम्ही चाळीस मिनिटं करत राहिलो. उपयोग झाला नाही.

त्याच वर्षी मी निवृत्त झालो. पुढच्या आखाजीला येण्याचा सुकलालच्या आईचा निरोप आला. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर पूजतात आणि घरात जे रांधलं त्याचा घास विस्तवावर टाकतात. त्याला आगारी म्हणतात. सुकलालची ती पहिली घागर होती.

मी पोचलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. अंगणात गोवऱ्या रचलेल्या, परातीत पीठ, शेजारी डाळ निवडलेली. पाहुणे फार नव्हते. घरातलीच दहा-बारा माणसं. चुलीपुढची जागा मात्र रिकामी होती.

त्याची आई म्हणाली, "भाऊ, तू बस चुलापान. त्यानी माले फोनवर सांगं व्हतं, हवालदार भाऊनी आठे बट्टी करी, आखाजी घरनी मायक वाटनी. मी तुले त्यानाकरता बलाडं. तुना हातनी बट्टी आगारीम्हान टाकनी शे."

म्हणजे आईपुढेसुद्धा त्यानं खरं सांगितलं नव्हतं. पाच मिनिटांच्या फोनमध्ये त्यानं माझं कौतुक बसवलं होतं. मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. सगळ्यांसमोर.

"आक्का, मन्ही बट्टी कच्ची ऱ्हायनी व्हती. त्यानं माले पयलेच सांगं व्हतं, मी ऐकं नही. माले त्याना हेवा वाटे. खाना त्यानी वाचाडा. मना नाव त्यानी सांगं, आनि मी गप ऱ्हायनू."

त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं डोळे पुसले आणि परात माझ्यापुढे सरकवली.

"मंग आज पक्की कर."

मी गोवऱ्या पेटवल्या. बट्टी आतपर्यंत भाजली की नाही हे मी प्रत्येक गोळा फोडून पाहिलं. १२१० ला घागरीसमोर विस्तवावर पहिला घास मी ठेवला आणि नाव घेतलं. नाईक सुकलाल, एलएमजी नंबर एक.