उष्टं टेबल

विमान मुंबईहून होतं, पण आमचा निरोप झाला जळगाव स्टेशनसमोरच्या परमिट रूममध्ये. मी फिटर म्हणून शारजाला चाललो होतो. वडील, म्हणजे आमचे आबा, एरंडोलजवळच्या गावाहून एसटीने मला सोडायला आले होते. घरी आईने तोवर केरसुणी दाराआड लपवली असणार. घरचं माणूस लांब निघालं की त्याची गाडी सुटेपर्यंत केर काढायचा नाही, हा तिचा नेम. लगेच घर झाडतात ते मेलेल्या माणसामागे. मी या गोष्टींना हसायचो.

परमिट रूमचा हट्ट माझाच. तिथे टीव्ही होता आणि नेमकी शारजातलीच मॅच चालू होती. जन्मात विडीसुद्धा न ओढलेले आबा बाटल्यांकडे पाठ करून, अंग चोरून बसले. मी शेवभाजी आणि रोट्या मागवल्या.

आबांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी ते टीव्हीवरून नजर काढेनात.

"तू जास ते हाईच गाव शे का?"

"हो."

"तठे झाडं नहीत का?"

तेवढ्यात चौकार गेला, मी ओरडलो आणि उत्तर द्यायचं राहून गेलं.

गाडीची वेळ झाली. अर्धी रोटी ताटात टाकून मी उठलो, पाया पडलो. वाटलं होतं, फलाटावर येतील, खिडकीशी उभे राहतील. पण ते जागचे हलले नाहीत.

"तू जाय. मी आठेच बठस."

एकुलता एक मुलगा परदेशी निघालाय आणि बाप मॅच बघत बसतो! असा संताप आला म्हणून सांगू. तो मी दोन वर्षं जपला. पत्रात आईसाठी पानभर मजकूर असायचा आणि आबांना नुसता नमस्कार. ते गेले तेव्हा मला सुटी मिळाली नाही. राग तसाच राहिला, तो आता कोणावर काढायचा ते कळेना.

पुढे वर्षभराने सुटी मिळाली, ती संपवून परत निघालो तेव्हा मी एकटाच त्याच टेबलाशी बसलो. वेटर तोच, आता केस पिकू लागलेला. त्याने मला ओळखलं.

"म्हातारे नाही आले?"

मी सांगितलं. तो त्या दिवसाचं सांगू लागला.

"तुम्ही गेले आणि मी टेबल पुसायला आलो, तर त्यांनी तुमच्या ताटावर दोन्ही हात धरले. म्हणे, 'थांब रे भाऊ, मना पोऱ्या आत्ते निंघना शे. गाडी सुटू दे, मंग पुस.' गिऱ्हाईक उभं, मालक ओरडतोय, पण हात काही काढेनात. गाडी किती लेट होती त्या दिवशी, आठवतं?"

आठवत होतं. पाऊण तास मी फलाटावर उभा राहून मनातल्या मनात त्यांना बोल लावत होतो.

पुढ्यातलं जेवण तसंच टाकून मी बॅग उचलली. वेटरने सवयीने फडकं काढलं, टेबलापर्यंत नेलं आणि थांबला. मग ते खांद्यावर टाकत म्हणाला,

"तुम्ही निघा भाऊ. गाडी सुटली की पुसतो."