चालू स्थितीतले सहा नग

बाळांनो,

गेल्या रविवारी तुमच्यापैकी धाकट्याने फोनवर मला त्याचं कपाट दाखवलं. चार जुने कॉम्प्युटर, खाली निळे दिवे, दुकानात साड्या लावाव्यात तसे तिरपे लावलेले. "आजी, हे विंटेज आहेत. दुरुस्त करायला फार डोकं लागतं," असं म्हणून त्याने मला समजावलं की वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यंत्रातली चिप आपल्या जागेवरून हळूहळू वर येते आणि ती अंगठ्याने परत दाबावी लागते. इतकं सावकाश सांगत होता, जणू मी पहिल्यांदाच वीज बघते आहे. मी "हो का?" म्हटलं. मागून मोठी ओरडली, "अरे, आजीला बोअर करू नकोस."

आजी बोअर झाली नव्हती. मी तशी चिप पहिल्यांदा दाबली तेव्हा तुमची आई कॉलेजात होती, आणि त्या उद्योगापायी माझं हातातोंडाशी आलेलं पर्यवेक्षिकेचं पद गेलं. तुमचे आजोबा ही गोष्ट एका वाक्यात सांगायचे: "हिला गप्प बसता आलं नाही." आता ते नाहीत, माझं वाक्य खोडायला कोणी नाही आणि धाकट्याला सगळं कळतं असा त्याचा समज झालेला आहे. म्हणून लिहिते.

मी केडगावहून एसटीने पाऊण तासावरच्या एका गावात इंग्रजी शिकवायला जायचे. मी रुजू होण्याआधीच शाळेला सरकारी योजनेतून सहा कॉम्प्युटर आले होते. तुमच्यासारखे नव्हेत. एक जाड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं यंत्र, आणि तो टीव्हीला जोडायचा. नव्वदचं दशक लागलं तोवर शहरात कोणी त्यांना विचारत नव्हतं. आमच्याकडे मात्र ते कोरे करकरीत होते, कारण ते कोणी लावलेच नव्हते. त्यांना वेगळी खोली होती. दारावर पाटी होती: पादत्राणे बाहेर काढावीत. मुलांना वर्षातून एकदा रांगेने आणून उंबऱ्याबाहेरून खोली दाखवत. दाखवून झाली की कुलूप.

मुख्याध्यापकांनी त्या खोलीचा चार्ज माझ्याकडे दिला. "बाई, पडद्यावर येतं ते सगळं इंग्रजीत. तेव्हा हे खातं तुमचं." शाळेच्या सामानाच्या नोंदीचं डेडस्टॉक रजिस्टर पुढे आलं. संगणक, सहा नग, चालू स्थितीत. माहितीपुस्तिका, सहा नग, सीलबंद. मी पेन उघडलं आणि विचारलं, "सर, एकदा लावून बघू या का?"

"बाई, चालू स्थितीत आहेत म्हणून लिहिलंय ना? मग चालू कशाला करायचे?"

मी सही केली. तुम्हाला माहीत आहे, मी किराण्याची यादीसुद्धा दोनदा तपासते. तीच मी, न बघता सही करून मोकळी झाले. वर आणखी काय केलं ते ऐका. त्या सहा यंत्रांना मी लाल मखमलीची कव्हरं शिवली आणि प्रत्येकावर पिवळ्या रेशमाने एक ते सहा आकडे काढले. तीन वर्षं दर शनिवारी धूळ झटकली. एकदाही बटण दाबलं नाही. सगळ्या तालुक्यात इतकी नीटनेटकी निरुपयोगी खोली दुसरी नसेल, आणि मला तिचा अभिमान होता.

खंडेनवमीला तिथे पूजा व्हायची. आपल्या घरात देव्हारा का नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा हळद-कुंकू वाहायला मला कोणी सांगितलं नाही आणि मी मागितलंही नाही. माझं काम कव्हरं काढून देणं आणि पूजा झाली की परत घालणं. मुख्याध्यापक सहाही कीबोर्डांवर सढळ हाताने हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूचं एकेक फूल वाहायचे. एका वर्षी नारळ टेबलाच्या कोपऱ्यावर फोडला. तो नेमका चार नंबरवर फुटला. शिपाईमामा म्हणाले, "पानी आत गेलं, सर." सर म्हणाले, "नारळाचं पाणी आहे, मामा. प्रसाद आहे." मी चार नंबरवर कव्हर घातलं.

मग एका वर्षी दोन बातम्या एकदम आल्या. पर्यवेक्षक निवृत्त होणार होते, आणि तीन महिन्यांनी जिल्ह्याहून साहेब तपासणीला येणार होते. सेवाज्येष्ठतेने पद माझं होतं. माझ्या मागे चित्रकलेचे शिक्षक होते आणि ते सरांच्या घरी गणपतीची आरास करायचे. सर मला म्हणाले, "बाई, तुमचा चार्ज स्वच्छ दिसला की तुमचं नाव पुढे पाठवायला मला अडचण नाही." ते म्हणाले 'दिसला'. मी ऐकलं 'असला'.

पर्यवेक्षिकेची खुर्ची मला हवी होती. खोटं कशाला सांगू? त्या शाळेत माझ्यासारख्या घरातलं कोणी त्या खुर्चीवर बसलेलं नव्हतं, आणि हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं. माझ्या सहीत खोट निघाली असती तर बोलायची सोय झाली असती. म्हणून मी ठरवलं, सहीप्रमाणे सहा नग चालू आहेत की नाहीत ते आधी आपणच बघायचं.

रविवारी मामांना घेऊन खोली उघडली. "करंट मारंल बरं का, बाई," म्हणत मामा दारातच उभे राहिले. खोलीतल्या टीव्हीला जोडून एक नंबर लावला. त्यातून एकच लांब पीऽऽऽ असा आवाज आला, तो थांबेचना. दोन नंबरने फटाक्यासारखा बार काढला आणि पांढरा धूर सोडला. मामा व्हरांड्यातून थेट मैदानात गेले. बाकीचे चार गप्प होते. चालू स्थितीतले सहा नग.

नगरला माळीवाडा स्टँडमागे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. एक नंबर पिशवीत घालून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी स्क्रू काढले, आत बघितलं, मग कीबोर्डाची दोन बटणं उपटली आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई, कुणाचं लगीन लागलं हुतं ह्याच्यावर?"

बटणांखाली हळदीचा घट्ट लेप बसला होता. लांबड्या पट्टीखाली मूठभर अक्षता होत्या. काही उंदरांनी अर्धवट खाल्लेल्या.

"तुम्हाला दुरुस्त करता येईल?"

"ह्यो टीव्ही न्हाई, पर टीव्हीवानीच हाय. कुटं काय हाय ते कुनी सांगितलं तर हुईल. कागद हाय का?"

कागद होता. सहा पुस्तिका, सीलबंद. मी घरी आले, भाजीची सुरी घेतली आणि एकीचं सील फोडलं. इंग्रजी एम.ए.चा एवढा थेट उपयोग मला आयुष्यात पुन्हा झाला नाही. पुढचे सहा-सात रविवार ते गृहस्थ शाळेत यायचे. मी पुस्तिका मराठीत वाचून दाखवायची, ते सोल्डरचे डाग द्यायचे. केसांतल्या दोन आकड्यांनी बटणं उपटायची, स्पिरिटच्या बोळ्याने हळद पुसायची, चिपचे पाय मुलांच्या खोडरबराने घासायचे आणि ती परत दाबून बसवायची. हो, अंगठ्याने. चार नंबर उघडला तर आत हिरवी बुरशी चढली होती. प्रसाद सगळीकडे पोचला होता.

मी सरांना सांगितलं की यंत्रं हळदीने खराब झाली आहेत. ते म्हणाले, "शक्य नाही. हळद औषधी असते."

सुटे भाग कुठेच मिळेनात. पण तशीच यंत्रं जिल्ह्यात आणखी शाळांना आली होती. मी रीतसर अर्ज लिहिले. कोणी उत्तर दिलं नाही, तेव्हा स्वतः निघाले. श्रीरामपूरच्या एका शाळेत दोन यंत्रं नकाशांच्या कपाटात उभी करून ठेवली होती. दुसऱ्या एका शाळेत यंत्र पाहुण्यांच्या हारतुऱ्यांखाली होतं. घोडेगावच्या बाजूच्या शाळेत ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर काचेच्या पेटीत, शिल्डांच्या शेजारी. सगळीकडे उत्तर एकच: रजिस्टरवर आहे, देता येणार नाही. घोडेगावकडचे मुख्याध्यापक मात्र शेतकरी माणूस. त्यांनी जनावराचे दात बघावेत तसं माझ्याकडे बघितलं.

"तुमाला डबा पायजे का आतलं पायजे?"

"आतलं. डबा नको."

"मग न्या की! वरून डबा हाय तसा दिसला म्हंजे झालं. आत कोन बघतंय?"

त्यांनी स्वतः मला स्क्रू काढून दिले. मग ही युक्ती मी सगळीकडे चालवली. तीन शाळांची आतडी पिशवीत घालून मी एसटीने केडगावला आणली, आणि त्या शाळांच्या रजिस्टरात एका शब्दाचा फरक पडला नाही. धाकट्या, तू याला संग्रह म्हणतोस. मी तेव्हा याला नाव दिलं नव्हतं.

एवढं करून सहांतले दोन उठले. एक आणि तीन नंबर. बटण दाबलं की आधी एक लहान आवाज, मग त्याहून बारीक दुसरा, आणि पडद्यावर अक्षरं. पहिल्यांदा ती उमटली तेव्हा दुरुस्तीवाले गृहस्थ म्हणाले, "आयला!" आणि मग मला म्हणाले, "माफ करा, बाई." मी माफ केलं. मलाही साधारण तसंच काहीतरी म्हणायचं होतं.

तीन आठवडे मी दहावीच्या मुलींना चपला घालून आत घेतलं. त्यांनी स्वतःची नावं टाइप केली, रंगीत रेघा काढल्या, आणि एकीने पहिल्याच दिवशी एक बटण तोडलं. त्या खोलीत झालेलं ते पहिलं उपयोगी नुकसान.

उरलेल्या चारांचे जळके भाग मी चिठ्ठ्या लावून बरण्यांमध्ये ठेवले होते. तपासणीच्या आदल्या दिवशी सर आले. बरण्या बघून त्यांचा चेहरा लोणचं नासल्यासारखा झाला.

"बाई, हे परत भरा आणि झाकणं लावा. साहेब आत हात घालणार आहेत का?"

"पण चार बंदच आहेत, सर."

"सही तुमची आहे. सहा लिहिलंय. सहा दिसू द्या. पर्यवेक्षिका व्हायचंय ना?"

मी भरलं. झाकणं लावली, स्क्रू पिळले, कव्हरं घातली. हेही नोंदवून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल आजी फार बाणेदार होती.

साहेब आले. बूट बाहेर काढले. एका मोज्याला भोक होतं, म्हणून ते एकावर एक पाय ठेवून उभे राहिले. बोटाने कव्हरांवरचे आकडे मोजले. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. वा! काय व्यवस्थित ठेवलंय. भरतकाम कोणाचं?"

"आमच्या बाईंचं," सर म्हणाले. "पर्यवेक्षक पदासाठी यांचंच नाव आहे, साहेब."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. त्यांना यंत्रं लावायची नव्हती, बघायचीही नव्हती. मी दोन महिने कशासाठी रविवार घालवले, असा विचार माझ्या मनात आला, आणि खरं सांगते, तो तत्त्वाचा विचार नव्हता, रागाचा होता. मला ते दोन दाखवायचे होते.

"साहेब, सहा नाहीत. दोन चालतात. चार बंद आहेत, मी उघडून बघितलेत," असं म्हणून मी एक नंबरचं कव्हर काढलं आणि बटण दाबलं. आवाज झाला तसे साहेब मागे सरकून भिंतीला टेकले. पडद्यावर अक्षरं आली.

मग सर हळूच म्हणाले, "बाईंना हल्ली बरं नसतं."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "हे चालू कोणी केलं?"

"मी."

"परवानगी घेतली होती?"

"चालू करायची?"

"उघडायची. चालू करायची. दोन्हीची."

मला मेमो आला: शासकीय मालमत्तेची विनापरवाना मोडतोड, तसेच पुस्तिकेचे सील तोडणे. मी दोन पानी खुलासा दिला, शुद्ध मराठीत, मुद्देसूद. तो फाइलला लागला. चौकशी होईपर्यंत मोडतोडीचा पुरावा म्हणून एक आणि तीन नंबर लाखेने सील केले गेले. बंद असलेले चार मात्र कव्हरं घालून खोलीत होते तसेच राहिले, त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. चित्रकलेचे शिक्षक पर्यवेक्षक झाले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी लाखेच्या सीलवर फूल वाहिलं.

मी शिक्षिका म्हणूनच निवृत्त झाले. त्याआधी एकच काम केलं. चार्ज दुसऱ्याला देताना रजिस्टरात लिहिलं: संगणक सहा नग, पैकी चार बंद, दोन मी दुरुस्त केलेले, सीलबंद. सर म्हणाले, असा रकाना नाही. मी रेघ मारून केला.

काही वर्षांनी शाळेने सगळं भंगारात काढलं. माळीवाड्याच्या त्या गृहस्थांनी मला कळवलं आणि आम्ही दोघं जाऊन एक आणि तीन नंबर सोडवून आणले. तीन नंबर नंतर बिघडला, तो पुन्हा उठला नाही. एक नंबर केडगावच्या घरी माझ्या कपाटात आहे, पुस्तिका त्याच्या खाली आहे. मागच्या महिन्यात लावून बघितला. चालतो.