अस्वलानं धरलेला ढवळू

जव्हार संस्थानात, मोखाड्याकडच्या एका पाड्यावर ढवळू नावाचा शेतकरी राहत होता. डोंगरउतारावर नागली, खाली थोडा भात, घरात बायको काळी आणि दोन मुलं. तिशीपर्यंत त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. मग एका चैत्रात, मोहाची फुलं वेचताना, अस्वलानं त्याला धरलं.

सोबतची माणसं ओरडत धावली तेव्हा अस्वल पळालं. पण ढवळूचा अर्धा चेहरा ओरबाडला गेला होता आणि डावा डोळा गेला होता. भगतानं झाडपाला बांधला, तरी जखम चिघळली, तिच्यात किडे पडले. वास असा की घरातही त्याच्याजवळ कुणाला बसवेना. शेवटी भाऊ माघ्या आणि मेहुणा सावळा यांनी त्याला झोळीत घातलं, झोळीचा दांडा खांद्यावर घेतला आणि घाट चढून त्र्यंबकच्या बाजूला असलेल्या एका मिशनच्या दवाखान्यात नेलं.

तिथे राहेलबाई नावाच्या परिचारिका होत्या. रोज सकाळी त्या चिमट्यानं किडे काढायच्या, जखम धुवायच्या आणि ते करताना त्याला त्याच्या शेताबद्दल, मुलांबद्दल विचारायच्या. त्यांनी एकदाही तोंड फिरवलं नाही, हे ढवळू शेवटपर्यंत सांगत असे. बोलता यायला लागल्यावर त्याला वेगळीच काळजी लागली.

"बाई, तुमाला द्याया माझ्याकडं कायच नाय. एक कोंबडी हाय, ती बी काळीची."

राहेलबाई हसल्या. संवत छप्पन्नच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, मोठ्या दुष्काळात त्यांचे आईबाप वाटेतच गेले होते आणि मिशनच्या लोकांनी त्यांना रस्त्याकडेला उचललं होतं.

"मला उचललं तेव्हा मी कुणाला काय दिलं होतं, दादा? येशूनं मला फुकट पदरात घेतलं. तुझ्याकडून मोल कसं घेऊ?"

हे ढवळूच्या मनात घर करून बसलं. आजवर देवाकडे काही मागताना त्यानं आधी काहीतरी कबूल केलं होतं. इथे तर त्यानं मागितलंही नव्हतं. पावसाळाभर तो तिथे राहिला, येशूच्या गोष्टी ऐकल्या आणि घरी परतण्याआधी त्यानं बाप्तिस्मा घेतला. नवं नाव घ्यायचं का, असं विचारल्यावर तो म्हणाला, या नावाच्या माणसालाच तर वाचवलंय, मग बदलू कशाला?

घरी काळीला तो जिवंत परतल्याचंच मोठं वाटलं. धाकटी मुलगी पोशी मात्र त्याचा चेहरा पाहून आईमागे लपली. तेव्हापासून तो डोक्याच्या फडक्याचं टोक चेहऱ्यावर ओढून घेऊ लागला. पाड्याचा कारभारी धोंडी येऊन म्हणाला, आमच्या पूजेत तू नाहीस, तर पाड्याच्या पंगतीतही बसायचं नाही. ढवळूनं वाद घातला नाही. लोकांची घरं शाकारायला, भाताच्या आवणीला तो पूर्वीसारखाच जात राहिला. फक्त काम सुरू करण्याआधी बांधावर थांबायचा, चेहऱ्यावरचं फडकं काढायचा आणि देवाचे आभार मानायचा. तेवढ्यापुरतं फडकं का काढतोस, असं माघ्यानं विचारलं, तर म्हणाला, त्याच्यापुढं काय झाकू?

मग मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. घराघरांत ताप. धोंडीच्या घरी तर पाणी द्यायलाही कुणी उभं राहिलं नाही. त्याचा मुलगा गेला. सून रामी तान्ही मुलगी कुशीत घेऊन पडली होती. शेजारी दार लावून बसले होते. मी जातो, असं ढवळूनं सांगितलं तेव्हा काळी घाबरली. आपल्या मुलांचं काय, म्हणाली. पण थोड्या वेळानं तिनंच पेजेचं मडकं त्याच्या हातात दिलं आणि मुलांना माघ्याकडे सोडून तीही मागोमाग निघाली.

दोघांनी ते घर सांभाळलं. पेज पाजली, अंगं पुसली, घाण धुतली. गेलेल्यांना ढवळू आणि सावळा यांनी पुरलं. रामी वाचली नाही. जाताना तिनं मुलगी काळीच्या ओटीत ठेवली.

धोंडी उठून बसण्याइतका बरा झाला, तेव्हा त्यानं विचारलं, "तुला पंगतीतून उठवला मी. तू कशाला आलास?"

ढवळूनं पेजेची वाटी त्याच्या हातात दिली. "मला बी असंच धुतलं कुणी, काका. मी तरी काय केलं व्हतं?"

त्या तान्ह्या मुलीचं नाव बुधी. शेळीच्या दुधावर काळीनं तिला वाढवलं. ही हकिगत मला बुधीनंच सांगितली. तिनं ढवळूचा आधीचा चेहरा पाहिलाच नव्हता. फडकं बाजूला सारून, गालाच्या वळांवर हात ठेवून ती झोपायची. हळूहळू त्यानं फडकं ओढणं सोडलं. एक दिवस पोशीही येऊन त्याच्या मांडीला टेकून बसली. त्या दिवशी तो बांधावर बराच वेळ थांबला होता म्हणे.

धोंडीनं आपले देव सोडले नाहीत. पण पुढच्या नव्या भाताच्या जेवणाला त्यानं ढवळूला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि म्हणाला, तुझ्या देवाचेही आभार मान. काळीनं पुढे आपणहून बाप्तिस्मा घेतला.

ढवळूचं घर घाटाच्या वाटेवर होतं. त्यानं घराला कारवीच्या काठ्यांची एक पडवी काढली. वर दवाखान्याकडे निघालेले आजारी लोक, त्यांना उचलून आणणारे, तिथे टेकायचे. कुणी त्याला विचारायचं, "तुझा येशू सांगतो तरी काय?"

"सांगतो," ढवळू म्हणायचा. "आधी पेज पी."