महूच्या मुलाची फाइल

माझ्या लग्नाचं आत्याने मनावर घेतलं तेव्हा ती नुकतीच कॉम्प्युटर शिकत होती, आणि शिकवणारी मी होते. तिची चूक झाली ती इथेच.

इंदूरच्या मराठी घरांतली स्थळं आत्याकडे यायची. पूर्वी कागद यायचे, आता मेलवर वर्डच्या फाइली. आमच्या ब्राउझरला अशी फाइल स्वतः उघडता येत नसे, तो दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारायचा. कुणाला मारायची ते एकदा ठरवून दिलं की पुन्हा विचारायचा नाही. आत्या आंघोळीला गेली असताना मी त्याला वर्डऐवजी नोटपॅड दाखवून दिलं. नोटपॅडला वर्डची फाइल वाचता येत नाही, पण ते कबूल न करता चौकोन, प्रश्नचिन्हं आणि परक्या अक्षरांचा सडा घालतं. मला अजून दोन वर्षं तरी कुणापुढे पोह्यांची बशी घेऊन जायचं नव्हतं. तोंडाने नाही म्हणून झालं होतं, पण आत्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

पंधरा दिवस फार सुखाचे गेले. अशी प्रत्येक फाइल नोटपॅडमध्ये पी आणि के या दोन अक्षरांनी सुरू होते. आत्याला तेवढीच वाचता यायची.

"अगं, ये सगळी मुलं पी. के.च कशी?" ती चष्मा पुसत म्हणाली.

"योगायोग," मी म्हटलं.

पण आत्या हार मानणाऱ्यातली नाही. तिने इंदूरजवळच्या महूच्या एका घरी फोन लावला. "हां जी, फाइल खुलतच नाहीये तुमची. मुलालाच पाठवा ना, कागद घेऊन."

रविवारी मुलगा हजर. आत्याने पोहे केले, वर जिरावणाचा इंदुरी मसाला भुरभुरवला, जिलबी मागवली. जे टाळायला मी हा उद्योग केला, तेच त्या उद्योगाने घरात आणून बसवलं. बशी अर्थात माझ्याच हातात.

त्याने कागद बाजूला ठेवला. "आत्याजी, फाइल तर ठीक असायला हवी. देखू का जरा?" दोन मिनिटांत तो ब्राउझरच्या सेटिंगमध्ये, नेमका त्या ओळीवर पोचला. थांबला. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आत्याला कळलं असतं तर पुढच्या रविवारी चार मुलं एकदम आली असती.

"काय झालंय?" आत्याने विचारलं.

"कुछ खास नाही, आत्याजी. अपडेट आला असेल."

आत्या जिलबी आणायला आत गेली तसा तो हळूच म्हणाला, "राहू दे ऐसंच. मलाही एवढ्यात लग्न नाही करायचं. मला बघायला बोलावतात त्या बाकीच्या घरी पण हेच करून ठेवतो."

मला हसू आवरेना. जाताना त्या लबाडाने स्वतःचा कागदही उचलून नेला.

मग आत्या जिलबीचा डबा घेऊन शेजारी निघाली. मी लगेच कॉम्प्युटरपुढे बसले, नोटपॅड काढून वर्ड परत लावलं आणि सगळ्यात आधी त्याचीच फाइल उघडली. शिक्षण, नोकरी सोडून सरळ 'अपेक्षा'वर गेले. तिथे 'काही नाही' एवढंच लिहिलेलं होतं, आणि मी चक्क हिरमुसले.

"आता बरी उघडली गं, तुझ्या हाताने?"

आत्या दारातच उभी होती. डबा भरलेलाच होता, ती शेजारी गेलीच नव्हती.